कोल्हापूरच्या वर ८७ किलोमीटर

२९ जानेवारी २०२० रोजी, आपल्याकडे ३० तारखेची पहाट उजाडत असताना, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या वर सुमारे ९०० किलोमीटर उंचीवर दोन निकामी उपग्रह एकमेकांना चाटून जावेत इतक्या जवळून निघून गेले. दोघांचा परस्परसापेक्ष वेग होता सेकंदाला साधारण १४.७ किलोमीटर. धडक झाली असती तर लहानमोठ्या तुकड्यांचा नवा ढग पृथ्वीभोवती फिरू लागला असता. त्यातला एक होता साठच्या दशकातला एक छोटा प्रायोगिक उपग्रह. दुसरा एका टनाहून थोडा अधिक वजनाचा, आणि त्याचे नाव खगोलशास्त्रात आदराने घेतले जाते: आयरास. अवकाशातून सगळे आकाश अवरक्त किरणांत पहिल्यांदा ज्याने धुंडाळले, तो हा उपग्रह. ज्याने हलत्या वस्तू शोधल्या, तोच आता इतरांनी लक्ष ठेवायची हलती वस्तू झाला आहे.

अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून २५ जानेवारी १९८३ रोजी आयरास सोडला. त्याची दुर्बीण ५७ सेंटिमीटरची, म्हणजे आकाराने फार मोठी नव्हे. मोठी गोष्ट होती तिच्याभोवतीच्या द्रवरूप हेलियमची. अवरक्त किरणांचा मोठा भाग म्हणजे उष्णतेचे प्रारण. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार ते बाहेर टाकते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्व्हिनचा, म्हणून त्याचे प्रारण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्यात, सर्वांत जोरदार असते. आपले शरीर, घराची भिंत किंवा पृथ्वीजवळून जाणारा लघुग्रह ३०० केल्व्हिनच्या घरातला, म्हणून त्याचे प्रारण १० मायक्रॉनच्या आसपास. अडचण अशी, की दुर्बीणही एक वस्तूच आहे. ती कोमट असेल तर तिला स्वतःच्याच उजेडात काही दिसणार नाही. म्हणून आयरासची दुर्बीण निरपेक्ष शून्याच्या जवळपास गारठवून ठेवली होती. हेलियम दहा महिन्यांत उडून गेले आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये काम थांबले. उपग्रह मात्र कक्षेत तसाच राहिला.

त्या दहा महिन्यांतली एक हकीकत या प्रकरणाला फार उपयोगाची आहे. आयरासचे मुख्य काम ताऱ्यांची, ताऱ्यांमधल्या धुळीची आणि दीर्घिकांची यादी करणे. एखादा ठिपका खरा की यंत्राचा खोडसाळपणा हे ठरवायला तोच भाग काही सेकंदांनी, मग काही तासांनी पुन्हा पाहिला जाई. जागच्या जागी सापडला तर यादीत, नाही तर बाद. पण बाद झालेल्या ठिपक्यांत खरोखर सरकणाऱ्या वस्तूही असणार, हे ओळखून काही शास्त्रज्ञांनी ती रद्दी चाळायला घेतली. तीतून सहा धूमकेतू निघाले. त्यातला आयरास-अराकी-अल्कॉक हा मे १९८३ मध्ये पृथ्वीपासून अवघ्या ४७ लाख किलोमीटरवरून गेला. ऑक्टोबरमध्ये सायमन ग्रीन आणि जॉन डेव्हिस यांना याच रीतीने एक लघुग्रह सापडला, फेथॉन. डिसेंबरच्या मध्यावर थंडीत कुडकुडत आपण मिथुन राशीतून पडणारा जो उल्कावर्षाव पाहतो, त्याचा कचरा या फेथॉनच्या मागे पसरलेला आहे. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हे.

लघुग्रहांच्या बाबतीत अवरक्त नजर का लागते? साध्या दुर्बिणीतून लघुग्रह दिसतो तो सूर्यप्रकाश परतवतो म्हणून. तेवढ्यावरून आकार कळत नाही. पांढरट आणि लहान दगड जेवढा चमकेल, तेवढाच कोळशासारखा काळा आणि मोठा दगडही चमकू शकतो. पण काळा दगड जो प्रकाश गिळतो तो उष्णता म्हणून परत बाहेर टाकतो, आणि ती उष्णता मोजली की आकार लपत नाही. २०२४ वायआर४ या लघुग्रहाचे नाव २०२५ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत गाजले. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली. तेव्हा त्याचा आकार ४० ते ९० मीटर असा मोघम सांगितला जात होता. जेम्स वेब दुर्बिणीने मार्चमध्ये त्याची उष्णता मोजली आणि आकडा ६० मीटरच्या आसपास स्थिरावला. चाळीस आणि नव्वद मीटरच्या दगडांत वस्तुमानाचा फरक अकरा पटींहून अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या मोजणीची किंमत कळते.

मानवनिर्मित वस्तूंचेही तसेच. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की डोळ्यांना दिसेनासा होतो, पण तो लगेच थंड होत नाही. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला तो सावलीतही सापडू शकतो. जानेवारी २०२० मध्ये स्टारलिंकने आपल्या एका उपग्रहाला काळा लेप लावून सोडले, खगोलशास्त्रज्ञांच्या फोटोंत चमकू नये म्हणून. तो फिका दिसलाही, पण काळेपणामुळे जास्त तापला, म्हणजे अवरक्तात उलट जास्त ठळक होण्याची सोय झाली. पुढे कंपनीने सावली धरणाऱ्या झडपांचा मार्ग घेतला. अवकाशात लपणे अवघड असते ते असे.

मग हेच काम कोल्हापुरातून करता येईल का? नारळीकरांच्या गावात (खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा) हा प्रश्न विचारला जाणे साहजिक आहे. उत्तर सरळ आहे: उष्णतेच्या अवरक्तात, नाही. हवेतली वाफ या किरणांचा मोठा भाग शोषून घेते. काही अरुंद खिडक्या तेवढ्या उघड्या असतात, आणि जितके उंच आणि कोरडे जावे तितक्या त्या स्वच्छ होतात. म्हणून लडाखमध्ये ४,५०० मीटरवर हानलेची वेधशाळा, म्हणून अबूच्या डोंगरावर भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची अवरक्त दुर्बीण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तर वातावरणच ओलांडायचा मार्ग धरला. हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांना १०० सेंटिमीटरची दुर्बीण टांगून ती तीस किलोमीटरच्याही वर नेली आणि दूरच्या अवरक्तात ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे नकाशे काढले. याच संस्थेचा अवरक्त कॅमेरा पुढे उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर बसला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, पंचगंगेच्या काठी, सह्याद्रीच्या पावसाळी उताराला लागून. इथे तसली दुर्बीण लावणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे.

पण वाफ ही एकच अडचण नाही. जवळच्या अवरक्तात, म्हणजे लाल रंगाच्या लगेच पलीकडे ०.७ पासून दोन मायक्रॉनपर्यंत, दुसरीच गंमत आहे. तिथे रात्रीचे आकाशच चमकत असते. जगातल्या कुठल्याही डोंगरावर जा, ही चमक पाठ सोडत नाही. अंधूक दीर्घिका पाहणारे खगोलशास्त्रज्ञ तिच्या नावाने बोटे मोडतात, दर काही मिनिटांनी शेजारचे रिकामे आकाश मोजून ते वजा करतात, आणि तरीही ती पुरती जात नाही, कारण ती क्षणाक्षणाला बदलते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात दोन दशकांहून अधिक काळ जे काम चालत आले आहे, ते नेमके याच चमकेवर. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे हे ठाणे. खगोलशास्त्रज्ञ जी वजा करून टाकतात तीच इथली मूळ रक्कम.

ही चमक कुठून येते? दिवसा सूर्याचे जंबुपार किरण वरच्या हवेतल्या ऑक्सिजनच्या आणि वाफेच्या रेणूंची फोड करतात. रात्री ते तुकडे पुन्हा जोड्या जमवू लागतात. साधारण ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रोजनचा अणू ओझोनला भेटतो, त्याच्याकडून एक ऑक्सिजन हिसकावतो आणि हायड्रॉक्सिल तयार होतो. या देवघेवीत एवढी ऊर्जा सुटते, की नवा रेणू जोरजोराने कंप पावत जन्माला येतो आणि ती ऊर्जा मुख्यतः अवरक्त प्रकाशाच्या रूपाने टाकत शांत होतो. अमेरिकेच्या एडन माइनेल यांनी १९५० मध्ये या चमकेच्या वर्णपटातल्या रेषा हायड्रॉक्सिलच्या आहेत हे ओळखले. हा थर आठ-दहा किलोमीटर जाडीचा, पण एकूण तेजाने रात्रीच्या आकाशातल्या ऑक्सिजनच्या सुप्रसिद्ध हिरव्या रेषेच्या हजारो पटींनी अधिक. आपले डोळे तेवढ्या अवरक्तापर्यंत पोचत असते, तर अमावास्येची रात्र काळी वाटली नसती.

डोळे पोचत नाहीत, सिलिकॉन पोचतो. टीव्हीच्या रिमोटचे तोंड मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबून पाहा. बहुतेक फोनमध्ये जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. रिमोटचा प्रकाश ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, आपल्याला अदृश्य, पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या चकतीला तो कळतो. हा उष्णतेचा फोटो नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. ‘अवरक्त म्हणजे उष्णता’ हे समीकरण शाळेत पक्के होते आणि इथे नेमके आडवे येते. ८७ किलोमीटरवरची हवा तर वातावरणातल्या सर्वांत थंड पट्ट्यातली, उणे सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपासची. ती चमकते रसायनामुळे. उलट हायड्रॉक्सिलच्या रेषांचे परस्परांतील प्रमाण मोजून तिथले तापमान काढता येते, जिथे विमान पोचत नाही, फुगा पोचत नाही आणि उपग्रह इतके खाली टिकत नाही.

कोल्हापूरच्या ठाण्यावर ही चमक टिपणाऱ्या कॅमेऱ्याला ऑल-स्काय इमेजर म्हणतात. वर मत्स्यनेत्री भिंग, म्हणजे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे सगळे आकाश एका गोल चित्रात. खाली फिरती चकती, तीत वेगवेगळे फिल्टर. हायड्रॉक्सिलसाठी साधारण ७२० ते ९१० नॅनोमीटरचा रुंद पट्टा. त्याखाली शून्याच्या बऱ्याच खाली थंड केलेला सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणारी सिलिकॉनची चकती. वेळापत्रक पंचांगावर चालते: चंद्र नसलेल्या रात्री, आणि जूनपासून पावसाळा संपेपर्यंत कुलूप. शहराच्या दिव्यांचा त्रास असतोच. पण रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियमचे दिवे ८१९ नॅनोमीटरलाही जोरात पेटतात, आणि नवे पांढरे एलईडी त्या भागात जवळजवळ गप्प असतात. एलईडीने दृश्य आकाशाचे वाटोळे केले तरी अवरक्त कॅमेऱ्यावर त्यांची थोडी मेहेरबानीच आहे.

गोल चित्रात पूर्व डावीकडे असते, कारण हा नकाशा खालून वर पाहून काढलेला आहे. हायड्रॉक्सिलच्या थरासाठी या चित्रात कोल्हापूरभोवतीचे तीनेकशे किलोमीटर मावतात, पणजी आणि सोलापूर आरामात. सलग चित्रे पाहिली की उजळ-अंधारे पट्टे एका दिशेने सरकताना दिसतात. एका पट्ट्यापासून दुसरा दहा ते पन्नास किलोमीटरवर. या हवेच्या लाटा, शास्त्रीय भाषेत गुरुत्व-तरंग. हिंगोलीच्या लायगोत शोधायच्या आहेत त्या गुरुत्वीय लहरींशी यांचा नावापलीकडे संबंध नाही. एप्रिलमध्ये वळवाचा ढग उसळून वरच्या थराला धक्का देतो, हवा वर ढकलली जाते, वजनाने परत खाली येते आणि लाट सुरू होते. वर जाताना हवा विरळ होत जाते, म्हणून लाटेचा झोका वाढत जातो. खाली जी हलचल जाणवणारही नाही ती ८०-९० किलोमीटरवर पोचेपर्यंत एवढी फुगते की लाट फुटते आणि आपली ऊर्जा तिथल्या वाऱ्यांना देऊन टाकते. त्या उंचीवरचे वारे कसे वाहतात, हे समजायचे तर या लाटा मोजाव्याच लागतात. लाट तिच्या भोवतीच्या वाऱ्यातून जाते, म्हणून नुसते चित्र पुरत नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या आवारातच १९९९ पासून १.९८ मेगाहर्ट्झचा रडार आहे. शंभर किलोमीटरपर्यंतचे वारे तो दिवसरात्र सांगत असतो, ढग असोत वा पाऊस. पन्हाळ्यावरही विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र आहे. गडाची उंची आणि अंधार दोन्ही या कामाला पोषक.

फिल्टर बदलला की कॅमेरा वेगळ्याच मजल्यावर बघू लागतो. ऑक्सिजनची ६३० नॅनोमीटरची लाल रेषा (ही दृश्य प्रकाशातली) आणि ७७७.४ नॅनोमीटरची जवळच्या अवरक्तातली रेषा अडीचशे ते साडेतीनशे किलोमीटरवरून येतात, आयनांबरातून. तिथे विद्युतभारित कणांची दाटी असेल तिथे उजेड जास्त. आणि या उजेडात कधी कधी काळे पट्टे दिसतात, उत्तर-दक्षिण पसरलेले, काही दहा किलोमीटरपासून शंभरावर किलोमीटरपर्यंत रुंद. हे प्लाझ्माचे, म्हणजे या विद्युतभारित कणांच्या वायूतले, बुडबुडे. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत देखणा भाग हा.

सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा भाग भराभर विरतो, वरचा दाट थर मात्र राहतो, किंबहुना चुंबकीय विषुववृत्तावर तो आणखी वर उचलला जातो. पाण्यावर तेल तरंगते, पण तेलावर पाणी ठेवले तर ते तसे राहत नाही. दाट वर आणि विरळ खाली ही मांडणी टिकत नाही. एखाद्या लहानशा लाटेचे निमित्त पुरते, आणि विरळ प्लाझ्माचा फुगा दाट थरातून वर घुसतो. ती लहानशी लाट बहुधा खालून आलेल्या हवेच्या लाटांतून येते, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ८७ किलोमीटरवरच्या आणि ३०० किलोमीटरवरच्या गोष्टी एकाच धाग्याच्या असू शकतात, आणि एकाच छतावरून त्या दोन्ही पाहणे हे कोल्हापूरच्या ठाण्याचे बलस्थान.

हा सगळा खेळ सुरू होतो चुंबकीय विषुववृत्तावर, तिरुनेलवेलीच्या आसपास, कोल्हापूरहून सुमारे ९०० किलोमीटर दक्षिणेला. थुंबा येथे १९६३ मध्ये रॉकेट तळ उभारला तोही ही रेषा तिथून जाते म्हणूनच. मग बुडबुडा कोल्हापुरावर कसा? विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषांना बांधलेले असतात. विषुववृत्तावर फुगा वर चढला की त्या कमानीसारख्या बलरेषांवरून तो उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतो. जितका उंच चढेल तितका दूर पोचेल. कोल्हापुराच्या डोक्यावर बुडबुडा दिसला, म्हणजे विषुववृत्तावर तो निदान पाचशे किलोमीटरच्या वर गेला होता, असा हिशेब निघतो. शेकडो किलोमीटर दूरच्या घटनेची उंची इथे बसून कळते.

बुडबुड्याचा माग काढायची रीत साधी आहे. प्रत्येक चित्रातून पूर्व-पश्चिम एक पट्टी कापायची आणि वेळेनुसार एकाखाली एक लावायची. काळा पट्टा या कागदावर तिरका उतरतो, आणि त्या तिरपेपणात वेग असतो. दहा मिनिटांत तो ६० किलोमीटर सरकला तर सेकंदाला १०० मीटर, ताशी ३६० किलोमीटर. कोल्हापूर ते सोलापूर अर्ध्या तासाच्या थोडे वर. संध्याकाळनंतर हाच वेग नेहमीचा, मध्यरात्र उलटली की मंदावतो. पट्ट्या लावण्यापूर्वी भिंगाने वाकवलेले आकाश सरळ करावे लागते. त्यासाठी तारेच खुणेचे दगड होतात: अमुक वेळी अमुक तारा अमुक जागी असायलाच हवा, म्हणजे भिंगाची वक्रता आणि उत्तर दिशा दोन्ही पक्की. काम झाले की तारे पुसायचे. आकाशगंगेचा धूसर पट्टा सहज पुसला जात नाही, नवख्याला तोच बुडबुड्याची किनार वाटतो. ओळखायची युक्ती दिशेत आहे. तारे आणि आकाशगंगा पश्चिमेकडे सरकतात, बुडबुडे पूर्वेकडे.

या माहितीला रोजच्या व्यवहारात गिऱ्हाईक आहे. जीपीएसचे किंवा आपल्या नाविकचे संदेश वीस हजार आणि छत्तीस हजार किलोमीटरवरून याच थरातून खाली येतात. बुडबुड्याच्या किनारीवर ते चरचरतात, कधी क्षणभर तुटतात. रात्री उतरणारे विमान असो की जीपीएसवर मोजणी करणारा सर्व्हेअर, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी, विशेषतः सूर्यावर डाग वाढलेल्या वर्षांत, याचा फटका बसू शकतो. बुडबुडा पूर्वेकडे किती वेगाने चालला आहे हे कळले, तर पुढच्या गावाला तो कधी गाठेल हेही सांगता येते.

हौशी मंडळींनाही यातला हायड्रॉक्सिलचा भाग जमण्यासारखा आहे. जुन्या डीएसएलआरमधला अवरक्त अडवणारा फिल्टर जाणकाराकडून काढून घ्यायचा, भिंगावर ७२० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणारा फिल्टर लावायचा, रुंद भिंग, तिवई, वीस-तीस सेकंदांचा फोटो. फेब्रुवारी-मार्चमधल्या अमावास्येच्या आसपासच्या रात्री, शहराच्या उजेडापासून दूर. एकाने पन्हाळ्यावर थांबावे, दुसऱ्याने आंबोलीला, घड्याळे जुळवून. दोन्ही जागांत सरळ अंतर शंभर किलोमीटरच्या आत. लाटेचा एकच कंगोरा दोन्ही फोटोंत ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वेगवेगळ्या जागी दिसेल, अगदी मधोमध असेल तर तब्बल ५७ अंशांच्या फरकाने, आणि तेवढ्यावरून त्रिकोणमितीने ८७ किलोमीटरचा आकडा स्वतः काढता येईल. याच जोड-फोटोंत एखाद्या उपग्रहाची रेघ सापडली तर तिलाही हेच गणित लावायचे. पाचशे किलोमीटरवरचा उपग्रह असेल तर फरक ११ अंशांच्या आसपास भरेल.